निर्नरूटचं दरवेळी विषच का व्हायचं

'स्कायरिम' (२०११) या गेममध्ये पाण्याकाठी गुणगुणत चमकणारं निर्नरूट नावाचं रोप दिसलं की मी उपटायचोच. अदृश्य व्हायचा काढा करायचा होता, पण डेथबेलच्या फुलासोबत घोटलं की हाती विष! नुसतं चाखून पाहिलं, तर पहिलाच गुण कळला: जीव घटतो. छान.

मग डोक्यात प्रकाश पडला. काढ्यात तोच गुण उतरतो, जो किमान दोन जिन्नसांत सामाईक असतो. म्हणून डेथबेल काढून व्हॅम्पायरची राख घातली. या दोघांत सामाईक एकच, अदृश्यता. पहिल्याच खेपेला जमलं. चाऊरस या गेममधल्या किड्याची अंडी किंवा लूना मॉथचा पंखही चालतो.

फक्त प्यायल्यावर दार उघडू नका. मी उघडलं आणि पहारेकऱ्यासमोर लख्ख दिसलो.