घाट उतरताना कानांना दडे बसू नयेत म्हणून
नाशिकहून मुंबईकडे जाताना, विशेषतः सर्दी झालेली असेल तर, इगतपुरीनंतर कसारा घाटाच्या उतारावर कानांना दडे बसतात. ते बसण्याची वाट न पाहता घाटाच्या माथ्यापासूनच आवळासुपारी चघळत वरचेवर आवंढा गिळत राहावे. तेवढ्याने न भागल्यास नाक चिमटीत धरून पाण्याचा एक घोट गिळावा. झोपेत गिळणे कमी होत असल्याने तान्ह्या बाळाला उतारावर जागे ठेवून दूध पाजावे. नाक दाबून जोरात फुंकण्याचा उपाय बरेच जण सुचवतात, पण सर्दीत तो टाळलेलाच बरा. कानात तेल घालून उपयोग नाही, कारण अडचण पडद्याच्या आत असते. दोन-तीन दिवसांत दडे सुटले नाहीत किंवा कान ठणकू अथवा वाहू लागला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अचानक कमी ऐकू येऊ लागल्यास मात्र त्याच दिवशी.