एलओआर (शिफारसपत्र) कोणत्या सरांना मागायचं: नांदेडहून एमएसला अप्लाय करतानाचा अनुभव

मागच्या महिन्यात ओळखीतल्या दोन पोरांचे फोन आले, दोघांचा प्रश्न एकच, एलओआर कोणाला मागू, आणि दोघांच्याही यादीत पहिलं नाव प्राचार्यांचं. मी पण तेच केलं होतं म्हणून सविस्तर लिहायलोय.

अमेरिकेत एमएसला, म्हणजे मास्टर्सला, बहुतेक युनिव्हर्सिट्या तीन पत्रं मागतात. मला वाटलं जेवढा मोठा हुद्दा तेवढं पत्राला वजन. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर दोन दिवस थांबलो, तिसऱ्या दिवशी म्हणले, "टाईप करून आण, सही करतो." त्यांनी मला कधी शिकवलंच नव्हतं, मग ते तरी काय लिहिणार. रात्री बसून स्वतःबद्दल 'हार्डवर्किंग', 'सिन्सियर' असलं काय काय लिहिलं, सकाळी वाचलं तर तेच पत्र वर्गातल्या कोणाचंही नाव टाकून चाललं असतं. फाडून टाकलं. आणि आपलं पत्र आपणच लिहून वर सरांची सही घेणं ही फसवणूकच आहे, सगळे करतात म्हणून ती बरोबर होत नाही.

मग मायक्रोकंट्रोलर लॅबचे सर आठवले. त्यांना मी यादीतूनच काढलं होतं, का तर त्यांचं इंग्रजी साधं. ते परभणीकडचे, लेक्चरमध्ये पण अर्धं मराठीतच समजावतात. थर्ड इयरला त्यांच्याच विषयात माझा बॅक राहिला होता, आणि पुढं त्यांच्याच हाताखाली मी विहिरीतलं पाणी मोजायचा प्रोजेक्ट केला, अल्ट्रासोनिक सेन्सरचा इको विहिरीच्या कडेवरून यायचा आणि रीडिंग दर वेळी वेगळंच, तर सर लॅबची चावी स्वतःकडं ठेवून संध्याकाळी सात-सात वाजेपर्यंत माझ्यासोबत थांबायचे. विचारलं तर म्हणले, "लिहितो की, पण नापास झाल्तास ते पण लिहीन, चालंल का?" मला तेच पाहिजे होतं. नापास झालेला पोरगा परत त्याच टेबलावर येऊन बसला हे ज्यानं डोळ्यानं बघितलंय त्याचं साधं इंग्रजी समोरच्याला पुरतं.

विचारायचं ऑगस्टमध्ये, महालक्ष्म्यांच्या आधी. बऱ्याच डेडलाईन डिसेंबरात असतात आणि त्याच टायमाला इकडं परीक्षा, सुपरव्हिजन, पेपर तपासणी, सरांना मान वर करायला वेळ नसतो. मार्कलिस्ट, प्रोजेक्टचे फोटो आणि युनिव्हर्सिट्यांची तारखेसकट यादी एका फाईलीत देऊन या. पत्र अपलोड करायची लिंक युनिव्हर्सिटीकडून सरांच्या मेलवर जाते, शक्यतो कॉलेजच्या मेलवर मागतात, आमच्या सरांचा तो मेल कित्येक दिवस उघडलेलाच नव्हता, पासवर्ड ऑफिसमधून रिसेट करून घेण्यात चार दिवस गेले. स्पॅम बघायला सांगा. फॉर्ममध्ये 'पत्र बघायचा हक्क सोडतो' असं येतं तिथं हो करा, नाहीतर सरांनी मोकळेपणानं लिहिलंय का अशी शंका येते.

बारावीनंतर थेट बाहेर जाणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात, एक गणित किंवा सायन्सचं, दुसरं भाषा किंवा समाजशास्त्रासारख्या विषयाचं. लातूरकडं पोरं दिवसभर क्लासला आणि कॉलेजात फक्त हजेरीपुरती, त्यामुळं कॉलेजच्या मॅडमला चेहरा पण ओळखू येत नाही. अकरावीपासूनच मराठी नाहीतर इंग्रजीच्या तासाला बसा, निबंध लिहून दाखवा, चुका विचारा. ते पत्र तिथूनच येणार आहे.