द्राक्षाचा व्यापारी पळायच्या आधी गावानं काय करावं

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील. द्राक्षाचा हंगाम आला की आमच्या भागात एक बातमी ठरलेली असते: व्यापारी लाखोंचा माल उचलून पसार. शेतकरी ठाण्यासमोर जमतात, पेपरात फोटो येतो आणि आठवड्याभरात सगळं थंड होतं. पळालेला सापडला तरी पैसा सापडतोच असं नाही. म्हणून खरं काम माल उतरायच्या आधीचं आहे, आणि ते एकट्या पोलिसांच्यानं होणारं नाही.

पळणाऱ्याची रीत एकदा नीट बघा. तो गावात खोली घेतो, ओळखीपाळखीचा एखादा पोरगा दलाल म्हणून हाताशी धरतो. चार किलोच्या पेटीला चालू दरापेक्षा दहा-वीस रुपये चढवून देतो. पहिले हिशेब रोख आणि वेळच्या वेळी, त्यामुळं शिवारात नाव होतं. मग ऊन वाढतं, माल एकदम तयार होतो, घडावर पाऊस पडेल म्हणून बागायतदार धास्तावतो. तेवढ्यात ‘पुढच्या आठवड्यात सगळं एकदम देतो’ सुरू होतं. कुणाला चेक मिळतो, कुणाला नुसता शब्द. एका सकाळी खोलीला कुलूप.

या सगळ्यात खबर कुणाकडंच नसते असं नाही. खोलीमालकाकडं आधारची झेरॉक्स असते. ट्रान्सपोर्टवाल्याला गाडी कुठल्या मार्केटला जाते ते ठाऊक असतं. बॉक्स आणि पॅकिंगचा कागद विकणाऱ्याला तर सगळ्यात आधी कळतं, कारण व्यापाऱ्याची उधारी पहिल्यांदा त्याच्याकडं तुंबते. बाजार समितीकडं परवानाधारकांची यादी आहे. पण 2016 साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यापासून बांधावरच्या सौद्यावर तिचा हात पोचत नाही. बीट अंमलदार, म्हणजे ठाण्यातला आपल्या गावाचा भाग सांभाळणारा पोलीस, आधीचे गुन्हे तपासू शकतो, पण त्याला नाव तर कुणी दिलं पाहिजे ना! ज्याच्या त्याच्याकडं एकेक तुकडा, आणि तो दुसऱ्याला सांगायची कुणावर जबाबदारी नाही.

ती जबाबदारी डिसेंबरात ठरवून टाका. त्यासाठी नवी कमिटी काढू नका, कमिट्या उदंड आहेत. तंटामुक्त गाव समिती कागदावर तरी बहुतेक गावांत आहे. आमच्याच तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 पासून ही मोहीम सुरू झाली. तीच समिती जागी करा आणि त्या बैठकीला बीट अंमलदार, ग्रामसेवक, कृषी सहायक, सोसायटीचा सचिव, बाजार समितीचा माणूस आणि खोल्या भाड्यानं देणारे, एवढ्यांना बोलवा. शेवटच्यांना विसरू नका. बोलावण्याचं पत्र पोलीस पाटलानं काढलेलं बरं. आमची नेमणूक प्रांताधिकारी करतात आणि खबर ठाण्याला द्यायची असते, त्यामुळं महसूल आणि पोलीस दोन्हीकडं आमचा कागद चालतो. एक प्रत तहसीलला, एक ठाण्याला, आणि दोन्हींवर पोच घ्या.

बैठकीत भाषणं होऊ देऊ नका. प्रत्येकाच्या वाट्याला एकच काम द्या आणि इतिवृत्तात त्या माणसाचं नाव लिहा. ‘पोलीस विभागानं सहकार्य करावं’ असं लिहिलं की ते कुणीच करत नाही.

मुख्य काम म्हणजे व्यापारी नोंदवही. फुलस्केप रजिस्टर पुरतं. त्यात व्यापाऱ्याचं नाव, मूळ गावचा पत्ता आणि तिथलं पोलीस ठाणं, फोटो, मोबाइल, बँक खातं, गाडीचा नंबर, कुणाच्या खोलीत राहतो आणि गावातला दलाल कोण, एवढं हवं. दलालाची सही घ्याच. सही म्हटल्यावर निम्मे दलाल आपणहून व्यापाऱ्याची चौकशी करून येतात. यादी बीट अंमलदाराकडं गेली की त्यानं मूळ गावच्या ठाण्याला फोन करून खात्री करायची. मागच्या हंगामात हाच माणूस दुसऱ्या तालुक्यात बुडवून आलाय का, ते इथंच उघडं पडतं.

शेतकरी मात्र लवकर ऐकत नाहीत. आमचे एक तात्या मला म्हणाले, “पाटीलताई, जादा दर देतोय त्याला आन् वर आधार मागायचं? उद्या दुसऱ्याच्या बागंत जाईल की!” मी म्हटलं, “तात्या, सगळ्याच बागांत मागितलं तर जाईल कुठं?” म्हणून हा ठराव ग्रामसभेचाच हवा, आणि जमलं तर शेजारच्या गावांचाही. सौदापावती दोन प्रतींत करा: प्लॉट, द्राक्षाची जात, दर, पेट्या, पैसे कधी, आणि सही. पहिल्या हिशेबाच्या पुढं उधार गेलं की त्याच दिवशी समितीला सांगायचं.

एक सावधगिरी. ही वही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. बाहेरून आलेले बहुतेक व्यापारी सरळ असतात आणि आपल्या द्राक्षाला मार्केट तेच देतात. 2022 साली जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झाली, ती नुसत्या संशयावर. खोली घेरणं, गाडी अडवून माणूस डांबणं हे केलंत तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल. वही पोलीस पाटलाकडं, प्रत ठाण्यात, बस्स.

एवढं करूनही पळालाच, तर त्याच दिवशी सगळ्यांनी एकत्र ठाण्यात जा. एकेकटं गेलं की ‘हा पैशाच्या देवघेवीचा, दिवाणी मामला आहे’ असं ऐकायला मिळतं. सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, आणि खोटा पत्ता, अनेकांना तेच वायदे, एकाच रात्री गाशा गुंडाळणं हे सगळं तुमच्या वहीत आणि पावत्यांत तारखेनिशी असतं. चेक मिळाला असेल तर तो तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. नोटीस नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टानं त्याच्या मूळ पत्त्यावर पाठवा, खोलीच्या नव्हे.