गाजलेल्या चित्रांवरून क्रोशाचे ब्लँकेट कसे विणावे

एखादे आवडते चित्र ब्लँकेटवर उतरवायचे ठरले की बहुतेक जण त्याचा फोटो संगणकावर चौकड्यांत पाडून घेतात आणि एका चौकडीला एक टाका या हिशोबाने विणायला बसतात. या मार्गाने काही चित्रे सुरेख उतरतात, पण बरीचशी बिघडतात. क्रोशाचा टाका जाड असतो, त्याला ठरावीक रुंदी आणि उंची असते, आणि कुंचल्याप्रमाणे एका रंगातून दुसऱ्या रंगात अलगद शिरणे त्याला जमत नाही. म्हणून आधी चित्राची रचना पाहावी आणि मग तिला मानवेल ती विणण्याची पद्धत निवडावी. चित्र वर्तुळांचे किंवा चौकोनांचे असेल तर सुटे चौकोन विणून जोडावेत. बाह्यरेषा ठळक आणि रंग सपाट असतील तर आलेखावरून, म्हणजे चित्र मांडलेल्या चौकड्यांच्या कागदावरून, विणावे. आणि चित्राचा सारा जीव प्रकाशात व रंगांच्या सरकण्यात असेल तर साधे पट्टे पुरतात. माणसांचे चेहरे मात्र टाळावेत, कारण डोळ्याच्या जागी दोन टाके इकडचे तिकडे झाले तरी ओळखीचा चेहरा परका दिसू लागतो.

पुढे वापरलेले शब्द आधी स्पष्ट करून ठेवतो. सुईवर जास्तीचा वेढा न घेता घातलेला टाका म्हणजे मुका खांब, एक वेढा घेऊन घातलेला खांब आणि दोन वेढे घेऊन घातलेला दुहेरी खांब. अर्धा खांब उंचीने मुका खांब आणि खांब यांच्या मधला असतो. सुईवरच्या वेढ्यातून लोकर ओढून केलेला सुटा वेढा म्हणजे साखळी, आणि टाक्यात सुई घालून लोकर थेट सुईवरच्या वेढ्यातूनही ओढून काढणे म्हणजे स्लिप स्टिच. परदेशी नमुना वापरत असाल तर तो अमेरिकी आहे की ब्रिटिश हे आधी पाहावे, कारण अमेरिकी नमुन्यातला ‘सिंगल क्रोशे’ आणि ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ हा एकच टाका, म्हणजे आपला मुका खांब असतो.

वर्तुळांचे चौकोन: कँडिन्स्की

पहिल्या प्रयत्नासाठी वासिली कँडिन्स्की यांचा १९१३ मधला समकेंद्री वर्तुळांचा रंगाभ्यास घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयात असलेल्या कागदावरच्या या लहानशा चित्रात आडवे चार आणि उभे तीन असे बारा चौकोन आहेत आणि प्रत्येकात एकात एक वर्तुळे रंगवलेली आहेत. क्रोशाचा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी विणलेला सुटा चौकोन, नेमका असाच मध्यापासून बाहेर वाढतो. शिवाय कँडिन्स्कींची वर्तुळे हाताने काढलेली, थोडी वाकडीतिकडी आहेत, त्यामुळे नवशिक्याच्या हातून झालेली लहानसहान चूक येथे खपून जाते.

मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घ्यावी. पहिल्या फेरीत गोलात १२ खांब घालावेत आणि त्यानंतर प्रत्येक फेरीत समान अंतराने १२ खांब वाढवावेत, म्हणजे चार फेऱ्यांत टाके अनुक्रमे १२, २४, ३६ आणि ४८ होतात. प्रत्येक फेरीला नवा रंग घ्यावा. गोल वाटीसारखा वर उचलला जात असेल तर वाढ कमी पडली आहे किंवा हात घट्ट आहे असे समजावे, आणि कडेला झालर पडू लागली तर वाढ जास्त झाली आहे.

पाचव्या फेरीत गोलाचा चौकोन करायचा असतो, आणि तो केवळ टाक्यांच्या उंचीतल्या फरकाने होतो. कोपऱ्याच्या एका टाक्यात २ दुहेरी खांब, २ साखळ्या आणि पुन्हा २ दुहेरी खांब घालावेत; पुढच्या अकरा टाक्यांत क्रमाने २ खांब, २ अर्धे खांब, ३ मुके खांब, २ अर्धे खांब आणि २ खांब घालावेत; हा क्रम आणखी तीन वेळा केला की ४८ टाके संपतात आणि प्रत्येक बाजूला १५ टाके मिळतात. यानंतर खांबांच्या दोन फेऱ्या घालाव्यात आणि दर कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या, २ खांब ठेवावेत. प्रत्येक फेरीत बाजू चार टाक्यांनी वाढते, म्हणजे शेवटी बाजूला २३ टाके होतात. १० सेंटीमीटरमध्ये साडेतेरा टाके बसणाऱ्या हाताने असा चौकोन सुमारे १७ सेंटीमीटरचा होतो.

मूळ रचनेतले बारा चौकोन ब्लँकेटला पुरत नाहीत, म्हणून ती रचना आडवी दोनदा आणि उभी दोनदा घ्यावी. आठ गुणिले सहा असे ४८ चौकोन जोडले की सुमारे १३६ बाय १०२ सेंटीमीटरचे ब्लँकेट होते. सगळ्या चौकोनांची शेवटची फेरी एकाच रंगाने, विशेषतः काळ्या किंवा पांढऱ्या रंगाने करण्याची पद्धत रूढ आहे. या चित्रासाठी ती मला चुकीची वाटते, कारण त्यामुळे खिडकीच्या जाळीसारखी चौकट तयार होते आणि मूळ चित्रात रंगाला रंग भिडल्यामुळे जी धग येते ती विझते. शेवटच्या फेरीचा रंगही बदलता ठेवावा, फक्त शेजारच्या दोन चौकोनांचे बाहेरचे रंग सारखे येऊ देऊ नयेत. सगळे चौकोन जमिनीवर मांडून, एक दिवस जाता-येता पाहून, मगच सपाट शिलाईने जोडावेत.

आलेखावरून: होकुसाईंची लाट

कात्सुशिका होकुसाई यांची सुमारे १८३१ मधली ‘कानागावाची महालाट’ हा लाकडी ठशांनी छापलेला चित्रठसा आहे, आणि त्यामुळेच ती आलेखाला मानवते. ठशाच्या छपाईत रंग सपाट येतो, कडा स्पष्ट राहतात आणि रंगांची संख्या मुळातच मर्यादित असते. प्रशियन निळ्याच्या दोन-तीन छटा, पांढरा, फिकट पिवळसर, करडा आणि होड्यांसाठी एक बदामी एवढ्यावर काम भागते.

येथे खरी फसगत मापाची होते. समजा, तुमच्या हाताने १० सेंटीमीटरमध्ये मुक्या खांबाचे १४ टाके आणि १६ ओळी बसतात. मूळ चित्राची लांबी-रुंदी साधारण तीनास दोन असल्याने १५० बाय १०० सेंटीमीटरच्या ब्लँकेटला २१० टाके आणि १६० ओळी लागतील. पण साध्या चौकोनी चौकड्यांच्या कागदावर तेच प्रमाण २१० बाय १४० येते. तो आलेख तसाच विणला तर उंची साडेसत्त्याऐंशी सेंटीमीटरच भरते, लाट दबते आणि मागचा फुजी पर्वत टेकाडासारखा दिसतो. त्यामुळे आधी किमान १५ सेंटीमीटरचा नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजावा आणि मग आलेखाच्या ओळी ठरवाव्यात. २१० गुणिले १६० म्हणजे ३३,६०० टाके होतात, हेही सुई उचलण्याआधी लक्षात घेतलेले बरे.

एवढी सवड नसेल तर कोपऱ्यातून कोपऱ्याकडे विणण्याची पद्धत घ्यावी. तिच्यात एक चौकट ३ साखळ्या आणि ३ खांब यांची असते आणि ती जवळजवळ चौरस येते, म्हणून साधा आलेख चालतो. पहिल्या चौकटीसाठी ६ साखळ्या घालून सुईपासूनच्या चौथ्या आणि पुढच्या दोन साखळ्यांत एकेक खांब घालावा. पुढची तिरपी ओळ अशाच नव्या चौकटीने सुरू करून ती मागच्या चौकटीच्या साखळीच्या जागेत स्लिप स्टिचने अडकवावी, आणि तेथेच ३ साखळ्या व ३ खांब घालून दुसरी चौकट करावी. चौकट २ सेंटीमीटरची असेल तर तेच ब्लँकेट ७५ बाय ५० चौकटींत, म्हणजे ३,७५० चौकटींत बसते. तिरप्या ओळी १२४ होतात: पन्नासाव्या ओळीपर्यंत दोन्ही कडांना वाढ, पंचाहत्तराव्यापर्यंत एका कडेला वाढ आणि दुसरीकडे घट, त्यापुढे दोन्हीकडे घट.

या मापात फेसाचे नखासारखे टोकदार फाटे उतरत नाहीत. ते आलेखात कोंबण्याचा हट्ट धरू नये. ब्लँकेट पूर्ण झाल्यावर पांढऱ्या लोकरीने पृष्ठभागावर स्लिप स्टिचची रेघ ओढून ते काढावेत. लोकर कापडाखाली धरायची, सुई वरून खुपसून वेढा वर ओढायचा आणि पुढच्या छिद्रातून तसाच दुसरा वेढा पहिल्यातून काढायचा. रेघ सैल ठेवावी, नाहीतर खालचे कापड आक्रसते.

रंग बदलताना नवा रंग टाक्याच्या सुरुवातीला घेऊ नये. आधीच्या टाक्यात सुईवर शेवटचे दोन वेढे उरतात तेव्हाच नवी लोकर ओढून घ्यावी, म्हणजे पुढच्या टाक्याचा माथा नव्या रंगाचा येतो आणि कड स्वच्छ दिसते. नको असलेला रंग टाक्यांच्या आतून वाहून नेण्याची सोय असली तरी पांढऱ्या भागाखालून गर्द निळा नेला तर तो मळासारखा डोकावतो. अशा जागी प्रत्येक रंगाची वेगळी छोटी गुंडी वापरावी.

मोने, व्हॅन गॉग आणि क्लिम्ट

क्लोद मोने यांनी फ्रान्समधल्या झिव्हर्नीच्या बागेतल्या कमळतळ्याची सुमारे अडीचशे चित्रे केली. त्यांतले पाणी आलेखावर मांडू नये. बारीक लोकरीच्या सहा छटा घ्याव्यात, दोन पदर एकत्र धरून अर्ध्या खांबाने विणावे आणि एका वेळी एकच पदर बदलावा: पहिली छटा दोन पदरी, मग पहिली व दुसरी, मग दुसरी दोन पदरी, असे करत गेल्यास सहा छटांतून अकरा मिश्रणे मिळतात. प्रत्येकाला सरासरी १३ सेंटीमीटर दिल्यास लांबी १४३ सेंटीमीटर होते. पट्ट्यांची रुंदी मुद्दाम कमीजास्त ठेवावी, कारण सारख्या रुंदीचे पट्टे सतरंजीचे वाटतात.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या जून १८८९ मधल्या ‘तारकांकित रात्री’चा मोह सर्वांनाच होतो, आणि तिचेच सर्वाधिक गढूळ आलेख पाहायला मिळतात. त्या चित्रात कुंचल्याच्या फटकाऱ्याची दिशा महत्त्वाची आहे आणि चौकड्यांत नेमकी तीच हरवते. गर्द निळ्या अर्ध्या खांबांचे सपाट कापड विणून त्यावर पिवळ्या, पांढऱ्या आणि फिकट निळ्या लोकरीने वर सांगितलेली पृष्ठभागावरची रेघ भोवऱ्यांच्या दिशेने फिरवावी. गुस्ताव क्लिम्ट यांचे १९०७-०८ चे ‘चुंबन’ मुळातच १८० सेंटीमीटर चौरस, म्हणजे ब्लँकेटच्याच मापाचे आहे. त्यातले चेहरे सोडून द्यावेत. पुरुषाच्या झग्यावरचे काळे-पांढरे आयत आणि स्त्रीच्या झग्यावरची रंगीत वर्तुळे एवढेच घ्यावे. सोनेरी जरीचा धागा अंगाला टोचतो, म्हणून तो मधल्या पट्ट्यापुरती ठेवून बाकी मोहरीच्या पिवळ्या रंगावर भागवावे.

लोकर आणि शेवटचे काम

रंग निवडताना लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. त्यात दोन रंग सारखेच करडे दिसत असतील तर लांबून ते एकमेकांत मिसळतात, मग एक हिरवा आणि दुसरा लाल का असेना. लाल किंवा गर्द निळा पांढऱ्याशेजारी येणार असेल तर नमुन्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर रात्रभर ठेवून रंग जातो का ते पाहावे.

लोकरीचा अंदाज वजनावरून बांधावा. शंभर चौकटींचा नमुना विणून तोलला, तो समजा ६० ग्रॅम भरला, आणि आलेखात निळ्याच्या १,४०० चौकटी आहेत, तर निळी लोकर ८४० ग्रॅम लागेल. त्यावर दहा-पंधरा टक्के जास्त घ्यावी आणि सगळी एकाच रंगघाण्यातली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, घ्यावी. प्रत्येक टोक किमान १५ सेंटीमीटर सोडावे आणि बोथट सुईने तीनदा दिशा बदलून आत दडवावे. हे काम शेवटावर ढकलल्यास शेकडो टोके एकदम समोर येतात, म्हणून रोजची रोज दडवावीत. कडेला मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या पुरेत. शेवटी ब्लँकेट ओले करून, हाताने चौकोनात ओढून, गंज न धरणाऱ्या टाचण्यांनी सपाट वाळवावे. अॅक्रिलिक लोकरीवर इस्त्री टेकवू नये, कारण उष्णतेने ती लोळागोळा होते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.