आठवड्याचे संकल्प गुरुवारपर्यंत का गळतात? या चुका टाळा

रविवारी रात्री वहीत चार-पाच संकल्प लिहावेत आणि गुरुवार उजाडेपर्यंत त्यांपैकी एखादाच तग धरून असावा, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक माणसे त्याचे खापर स्वतःच्या मनाच्या कमकुवतपणावर फोडून मोकळी होतात. माझ्या मते हे निदानच चुकीचे आहे. ठरवलेल्या गोष्टी बहुधा निश्चय कमी पडल्यामुळे मोडत नाहीत. वहीत लिहिताना जो आठवडा मोकळा दिसतो तो प्रत्यक्षात आधीच भरलेला असतो, म्हणून त्या मोडतात. बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये नेहमी दिसणाऱ्या काही चुका आणि त्यांवरचे उपाय पुढे दिले आहेत.

आठवडा कोरा आहे असे समजून ठरवणे

सर्वांत मोठी चूक हीच. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधताना माणूस सगळे सुरळीत पार पडेल असेच धरून चालतो. या प्रवृत्तीकडे डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच लक्ष वेधले होते. पुढे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले, तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता, आणि प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक लागले. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की ‘सगळेच बिनसले तर किती दिवस लागतील’ या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही सुमारे 49 दिवसांचेच होते.

आता आपल्या गावाचा विचार करा. नवरात्रात गरबा आटोपून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. त्या नऊ दिवसांत पहाटे साडेपाचला उठून कमाटीबागेत फेऱ्या मारण्याचे ठरवणे म्हणजे संकल्प मोडण्याची सोय आधीच करून ठेवणे होय. 14 आणि 15 जानेवारीला सारे शहर गच्चीवर असते, त्यामुळे उत्तरायणाचा आठवडा अभ्यासाच्या दृष्टीने पाचच दिवसांचा धरावा लागतो. गणपतीत आरत्या आणि पाहुणे, मे महिन्यात ऊन, लग्नसराईत दर दोन दिवसांनी एक आमंत्रण. यांतले काहीही अचानक उद्भवणारे नाही, सगळे कालनिर्णयावर आधीपासून छापलेले असते.

म्हणून संकल्प लिहिण्यापूर्वी त्या आठवड्यात ठरलेल्या गोष्टी लिहून काढा: ड्यूटी, मुलांच्या ट्यूशनच्या वेळा, उपासाचा दिवस, बँकेचे काम, येणारी माणसे. त्यानंतर जे तास उरतील त्यांपैकी निम्मेच आपले समजा. उरलेले निम्मे तास कोणी ना कोणी मागणारच आहे.

काय करायचे ते लिहिणे, पण केव्हा आणि कुठे ते न लिहिणे

बडोद्यात वाढणारी आपली पुष्कळ मुले घरात अस्खलित मराठी बोलतात, परंतु शाळेचे माध्यम गुजराती किंवा इंग्रजी असल्यामुळे त्यांना मराठी पुस्तक सहज वाचता येत नाही. अशा घरातील आई वहीत लिहिते, ‘या आठवड्यात मुलीला मराठी वाचायला शिकवायचे’. इच्छा मनापासूनची असते, पण रात्रीच्या जेवणानंतर गृहपाठ निघतो, मग ओटा आवरायचा असतो, आणि मुलीच्या डोळ्यांवर झोप आलेली असते. रविवारी पुन्हा वही उघडल्यावर त्या वाक्याचे काय झाले हे तपासताही येत नाही, कारण त्यात तपासण्याजोगे काहीच नसते. तोच संकल्प असा लिहून पाहा: ‘मंगळवारी आणि शनिवारी, सकाळचे पोहे झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, एक पान मोठ्याने.’ आता दिवस, वेळ, जागा आणि माप या चारही गोष्टी ठरल्या, आणि मुलीलाही आपली पाळी कधी येणार ते कळले.

याला चांगला आधार आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना पुढील आठवड्यात किमान एकदा 20 मिनिटे जोमदार व्यायाम करायचा होता. व्यायामाचे महत्त्व पटवून देऊनही एका गटातील जेमतेम 35 टक्के विद्यार्थ्यांनी तो केला. दुसऱ्या गटाला तीच माहिती देऊन शिवाय दिवस, वेळ आणि ठिकाण लिहायला लावले होते, आणि त्या गटातील 91 टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला. म्हणजे महत्त्व पटवण्यात जी शक्ती खर्च होते तिच्यापेक्षा ती एक ओळ अधिक काम करते.

मात्र रिफायनरीत किंवा आसपासच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना ‘सकाळी सहा वाजता’ असे लिहून उपयोग नाही, कारण पाळी बदलली की तो आधारच नाहीसा होतो. त्यांनी वेळ घड्याळाला न बांधता रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी: ड्यूटीवरून येऊन चहा घेतला की लगेच वीस मिनिटे चालणे. पाळी कोणतीही असो, तो चहा चुकत नाही.

एकाच वेळी सारे सुधारायला निघणे

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ 1893 मध्ये अमरेली भागापुरता केला, आणि संपूर्ण बडोदा संस्थानात ते 1906 मध्ये लागू झाले. ज्यांच्या हाती राज्याची सारी यंत्रणा होती त्यांनीही आधी एका भागात करून पाहिले. आपण मात्र एकाच सोमवारपासून व्यायाम, वाचन, बचत, साखर बंद आणि मोबाईल कमी असे पाचही बेत सुरू करू पाहतो. आठवड्याला एक मुख्य संकल्प आणि फार तर एक किरकोळ, एवढे पुरे. आपल्या घरांतील चातुर्मासाचे नेम इतकी वर्षे टिकून राहिले, कारण ते मोजके असतात, रोजच्या दिनक्रमात बसतात आणि त्यांची मुदत ठरलेली असते.

फळालाच काम समजणे

‘एक किलो वजन कमी करायचे’ हा आठवड्याचा संकल्प होऊ शकत नाही, कारण काट्यावर काय दिसेल हे पूर्णपणे आपल्या हाती नसते. चार संध्याकाळी चालणे आणि रात्री दुसऱ्यांदा भात न घेणे हे आपल्या हाती असते. तेवढेच लिहावे.

एक दिवस चुकला की आठवडा गेला असे मानणे

मंगळवारी पाहुणे आले, चालणे राहिले, आणि ‘आता पुढच्या सोमवारपासूनच’ असे म्हणून मधले पाच दिवस सोडून दिले, हे मला सर्वांत हानिकारक वाटते, कारण येथे नुकसान चुकलेल्या दिवसापेक्षा त्या निर्णयाने अधिक होते. सवयी कशा जडतात यावर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे 96 जणांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास 18 पासून 254 पर्यंत, मध्यम मानाने 66 दिवस लागतात असे आढळले, आणि एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत लक्षणीय बाधा येत नाही असेही दिसले. तेव्हा 21 दिवसांत सवय लागते या प्रचलित समजुतीवर विसंबून निराश होऊ नये.

उपाय साधा आहे. बुधवारी रात्री पाच मिनिटे वही उघडावी आणि उरलेल्या दिवसांसाठी संकल्प नव्याने मांडावा: चार फेऱ्यांच्या दोन झाल्या तरी चालेल, पण त्या दोन कोणत्या दिवशी हे त्याच वेळी लिहावे.

तोच संकल्प दर आठवड्याला उतरवून काढणे

एकच ओळ लागोपाठ तीन आठवडे अपुरी राहिली, तर चौथ्यांदा ती तशीच लिहू नये. आधी तिचे माप निम्मे करून पाहावे, मग तिची वेळ बदलून पाहावी. तरीही ती पुढे सरकत नसेल, तर हा संकल्प आपला आहे की कोणी सांगितला म्हणून घेतलेला आहे, असे स्वतःला विचारावे. दुसऱ्याच्या आग्रहाखातर घेतलेला संकल्प खोडून टाकण्यात कमीपणा नाही. त्या जागेवर, मुलीच्या वाचनासाठी का होईना, आठवड्यातली आणखी एक सकाळ मिळते.