पॉलिशिंग मशीनच्या आधी दोन बादल्या
कार डिटेलिंगचा, म्हणजे गाडी बारकाईने स्वच्छ करून चकाकवण्याचा, छोटा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला मोठा खर्च पॉलिशिंग मशीनवर करू नये. धुताना एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत केवळ हातमोजा खळबळून घेण्यासाठी साधे पाणी ठेवले, तर रंगावरचे बारीक गोलाकार ओरखडे बरेच टळतात, कारण ते बहुतेकदा मोज्यात अडकलेल्या धुळीच्या कणांमुळेच पडतात. जमिनीवर पडलेले मायक्रोफायबर कापड, कितीही स्वच्छ दिसले तरी, धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. रंगावरचा पारदर्शक थर साधारणतः 40 ते 50 मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असल्याने आणि पॉलिशिंगमध्ये तो थोडा घासला जात असल्याने मशीनचा सराव भंगारातल्या बॉनेटवरच करावा. गाडी ताब्यात घेताना आधीच्या ओरखड्यांची छायाचित्रे मालकासमक्ष काढावीत. हे संकोचाचे वाटते, पण पुढचे वाद वाचतात.