स्पिनर्स कसे ऐकावेत : एका सोल गायकवृंदाच्या चढउतारांचा माग

जुन्या सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावपूर्ण लोकप्रिय संगीत) गायकवृंदाची कारकीर्द खरोखर समजून घ्यायची असेल, तर निवडक गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहापासून सुरुवात करू नये. अशा संग्रहातून पडती वर्षे गाळलेली असतात, आणि डेट्रॉइटच्या ‘द स्पिनर्स’ या वृंदाच्या बाबतीत तीच वर्षे सर्वांत बोलकी आहेत. त्यांची गाणी सालवार लावावीत आणि प्रत्येक गाण्यापूर्वी रेकॉर्डच्या लेबलवरच्या तीन गोष्टी वहीत टिपाव्यात : कंपनी, निर्माता आणि गीतकार-संगीतकार. मुख्य गायकाचे नाव लेबलवर बहुधा नसते. ते कानानेच ओळखावे लागते. शोध घेताना आणखी एक ध्यानात ठेवावे. लिव्हरपूलमध्ये याच नावाचा एक लोकगीत गाणारा वृंद असल्यामुळे ब्रिटनमध्ये यांच्या रेकॉर्ड ‘डेट्रॉइट स्पिनर्स’ किंवा ‘मोटाउन स्पिनर्स’ या नावांनी निघाल्या (मोटाउन ही त्यांची एकेकाळची, डेट्रॉइटमधली रेकॉर्ड कंपनी).

सुरुवात 1961 च्या ‘दॅट्स व्हॉट गर्ल्स आर मेड फॉर’ या गाण्यापासून करावी. मिशिगनमधल्या फर्नडेल येथे 1954 मध्ये एकत्र आलेल्या या मुलांना हार्वी फुक्वा यांच्या ट्राय-फाय या छोट्या कंपनीने पहिली संधी दिली. मुख्य आवाज बॉबी स्मिथ यांचा आहे. मऊ, किंचित मागे रेलून गाणारा, शब्द न रेटणारा हा आवाज दोन-तीनदा ऐकून मनात पक्का बसवावा, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात तोच आपली मोजपट्टी होणार आहे.

ट्राय-फाय मोटाउनमध्ये विलीन झाल्यावर पडता काळ सुरू होतो. 1965 चे ‘आय’ल ऑल्वेज लव्ह यू’ ऐकावे. गाणे देखणे आहे, स्मिथ यांचा सूर जागच्या जागी आहे, तरीही मोटाउनच्या लेखी हा वृंद मागच्या रांगेतच राहिला. टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स या मोटाउनच्याच दुसऱ्या वृंदांना उत्तमोत्तम गाणी मिळत होती. स्पिनर्सचे सदस्य मात्र इतर कलावंतांचे दौरे सांभाळणे, गाडी चालवणे, मालाची रवानगी पाहणे अशी कामे करत होते. आवाज कमी पडला म्हणून वृंद मागे पडला, हा समज इथेच सोडून द्यावा. त्यानंतर 1970 चे ‘इट्स अ शेम’ लावावे. निर्माता स्टीव्ही वंडर, मुख्य गायक जी. सी. कॅमरन; गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. एका मनापासून केलेल्या गाण्याने काय घडू शकते, ते इथे दिसते.

आता सर्वाधिक वेळ 1972 ला द्यावा. गायिका अरीथा फ्रँकलिन यांच्या सुचवण्यावरून वृंद अटलांटिक कंपनीकडे गेला, कॅमरन मोटाउनमध्येच राहिले आणि त्यांच्या जागी फिलिपे विन आले. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत निर्माते टॉम बेल यांनी केलेले ‘आय’ल बी अराउंड’ हे गाणे मुळात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होते. रेडिओ केंद्रांनी बाजू उलटवली आणि ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. हेडफोन लावून पहिल्यांदा केवळ गिटारचा तो छोटा, पुन्हापुन्हा येणारा तुकडा ऐकावा, दुसऱ्यांदा काँगा या हाताने वाजवायच्या उभ्या ढोलाचा ठेका, आणि तिसऱ्यांदा स्मिथ यांचा आवाज. अकरा वर्षांपूर्वीचा तोच आवाज आहे. या वेळी त्याला ऐसपैस जागा मिळाली आहे. माझ्या मते या वृंदाच्या संपूर्ण कहाणीचे मर्म या एका तुलनेत सापडते.

यानंतर विन यांच्याकडे वळावे. ‘माइटी लव्ह’च्या शेवटी मुखडा घोळत राहतो आणि विन त्यावर उत्स्फूर्त जागा घेत सुटतात, त्या वेळी मागचे सूर किती स्थिर आहेत, याकडे कान द्यावा. 1975 च्या ‘गेम्स पीपल प्ले’मध्ये पर्विस जॅक्सन आपल्या खर्जात फक्त एक वेळ सांगतात, बारा पंचेचाळीस, आणि तेवढ्याने ते ‘मिस्टर 12:45’ म्हणून ओळखले जाऊ लागले. गायिका डिऑन वॉरविक यांच्यासोबतचे 1974 चे ‘देन केम यू’ पहिल्या क्रमांकावर गेले, तर 1976 चे ‘द रबरबँड मॅन’ दुसऱ्या.

1977 मध्ये विन बाहेर पडले आणि जॉन एडवर्ड्स आले. ‘वर्किंग माय वे बॅक टू यू’ निर्माता मायकेल झेगर यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसवले; 1980 मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी ‘क्युपिड’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले; त्यानंतर मात्र तेवढे मोठे यश आले नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना 2023 मध्ये सामावून घेतले, तोवर स्मिथ यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

इथवर आल्यावर वही बाजूला ठेवावी आणि 1961 चे ते पहिले गाणे पुन्हा एकदा लावावे.